हळदीच्या देवीपासून चार मीटर

मातीच्या नमुन्याचा वास घ्यायचा नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. मी तो नव्या माणसांना तीस वर्षं शिकवला आणि तीस वर्षं रोज मोडला. बरणीचं झाकण लावायच्या आधी नाक आपोआप पुढे जातं. बहुतेक वेळा डिझेल, रॉकेल, नाहीतर कुजलेल्या अंड्यांचा वास येतो. कल्याणला एका जुन्या गोदामाच्या जमिनीतून मात्र केवडा दरवळला होता. तिथे पूर्वी अगरबत्तीवाल्यांचा माल असायचा आणि सुगंधी तेलाचे फुटके डबे त्यांनी मागच्या अंगणात पुरले होते. आमची माणसं संध्याकाळी घरी गेली तेव्हा तिघांच्या बायकांनी एकच प्रश्न विचारला, आणि तिघांनीही 'जमिनीचा वास आहे' हे खरं उत्तर दिलं. एकीनेही विश्वास ठेवला नाही.

काम काय होतं ते आधी सांगतो, कारण माझ्या सख्ख्या बहिणीलाही मी निवृत्त होईपर्यंत कचऱ्याच्या खात्यात आहे असंच वाटत होतं. कारखाना बंद पडतो. जमीन विकली जाते. तिथे टॉवर उभा राहणार असतो. त्याआधी कोणीतरी बघायला हवं, की कारखान्याने जाताना जमिनीच्या पोटात काय काय ठेवून दिलंय. आम्ही ते बघणारे. जुने नकाशे काढायचे, जुन्या कामगारांना गाठायचं, मग जागेवर यंत्राने भोकं पाडून निरनिराळ्या खोलीवरची माती बरण्यांत भरायची, बर्फाच्या पेटीतून प्रयोगशाळेत न्यायची आणि काय सापडलं ते लिहून सही करायची. ठाण्यापासून कल्याणपर्यंत कारखाने जाऊन इमारती येत होत्या, त्यामुळे आम्हाला कामाची वाण कधी पडली नाही.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. कळव्याचे एक जमीनमालक आम्ही येणार म्हणून आदल्या दिवशी चार माणसं लावून अख्खा प्लॉट फिनेलने धुऊन बसले होते. त्यांना वाटलं स्वच्छतेची तपासणी आहे. त्यांची जमीन मुळात उत्तम होती. अहवालात फक्त एकच दोष निघाला: फिनेल. त्यावर ते माझ्याशी दोन महिने बोलत नव्हते.

आता ज्यासाठी लिहायला बसलोय तिकडे येतो. माझं वय चौऱ्याहत्तर आहे. नौपाड्यात राहतो, साखर आहे, गुडघे आहेत, आणि गेलं दीड वर्ष मी इतका हलका झालोय की बायको म्हणते, तुम्हाला कोणीतरी धरून ठेवायला पाहिजे. हे हलकेपण मी कमावलेलं नाही. मी एक चूक केली होती, ती पंधराएक वर्षं दाबून ठेवली, आणि मग ती चारचौघांत बोलून टाकावी लागली. ती इथे एकदा नीट लिहून ठेवतो, म्हणजे माझ्यामागे कोणी ती सौम्य करून सांगायला नको.

डोंबिवलीत रंगद्रव्यांचा एक कारखाना होता. नाव लिहीत नाही, तो आता नाही. पिवळा रंग ही त्यांची खासियत. पिवळ्या रंगासाठी ते क्रोमियमचे क्षार वापरायचे. हा क्रोमियम दोन प्रकारचा असतो, एक बराचसा निरुपद्रवी आणि एक वाईट. वाईट प्रकार पाण्यात विरघळतो, पिवळाजर्द दिसतो, कातडीला जखमा करतो आणि पोटात गेला तर त्याहून वाईट. कारखाना बंद झाल्यावर तो प्लॉट एका बिल्डरने घेतला आणि तपासणीचं काम माझ्याकडे आलं.

आमची पद्धत अशी, की नकाशावर बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटी आखायच्या आणि जिथे रेघा एकमेकींना छेदतात तिथे भोक पाडायचं. बिंदू कुठे पडेल हे आपण ठरवायचं नसतं. तो गटारात पडला तर गटारात उतरायचं, संडासात पडला तर संडासाची फरशी फोडायची. कारण माणसाला निवडायला दिलं की तो सोयीची जागा निवडतो. हे वाक्य माझ्याच व्याख्यानातलं आहे.

अकरा नंबरचा बिंदू एका देवीवर पडला.

प्लॉटच्या मागच्या कोपऱ्यात उंबराखाली शेंदूर फासलेला दगड होता. नवरात्र चालू होतं. शेजारच्या चाळीतल्या दहा-बारा बायका तिथे बसून गाणी म्हणत होत्या. दगडाभोवतीची माती हातभर अंतरापर्यंत पिवळी होती. बायकांनी कौतुकाने सांगितलं, ही हळदीची देवी. हिला हळद वाहावी लागत नाही, पाऊस सरला की नवरात्रात माती आपली आपणच पिवळी होते. मी रसायनशास्त्राचा पदवीधर. पावसात जमिनीखाली पाणी चढतं, मग ऊन पडलं की वर शोषलं जाऊन सुकतं आणि विरघळलेला क्षार पृष्ठभागावर फुलतो, हे मी झोपेतही सांगेन. समोर पिवळ्या रंगाचा कारखाना. आणि मी त्या बायकांना म्हणालो, "वा."

माझ्या यंत्रवाल्या भिकाजीने चपला काढल्या. मग मीही बूट काढले. पायात मोजे, हातात टेप, अशा अवस्थेत मी फाटकाच्या दिशेने चार मीटर मोजले आणि म्हटलं, इथे लाव. तिथला मुरूम लाल, कोरा, निर्मळ निघाला. एका बाईने मला बोलावून त्या पिवळ्या मातीचं बोट कपाळाला लावलं. मी हात जोडले. वहीत लिहिलं: 'पृष्ठभागावर पिवळा रंग, पूजेची हळद.'

एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. बिंदू सरकवता येतो, कारण लिहिलं की झालं. पण अहवाल तयार करताना सगळ्या रेघा सरळ, आणि अकरा नंबरच तेवढा रांगेतून बाहेर आलेला. दिसायला वाईट दिसत होतं. कोणी विचारलं तर देवी, बायका, मोजे हे सगळं सांगावं लागणार. मी अकरा नंबर मूळच्या जागीच दाखवला आणि खाली लिहिलं, जमीन निवासासाठी स्वच्छ. सही केली. तीन दिवस माझं कपाळ खाजत होतं. डास चावला म्हणून सांगितलं.

इमारती झाल्या. नाव देत नाही. नावात एक झाड आहे आणि एक इंग्रजी शब्द आहे, पण तेवढ्यावरून ती सोसायटी सापडणार नाही, अर्ध्या डोंबिवलीच्या नावात तेच आहे. मला खात्री नव्हती, शंका होती. शंका होती म्हणूनच मी त्या बाजूला पुन्हा फिरकलो नाही. लग्नघरी हळदीच्या कार्यक्रमाला जायचंही टाळायला लागलो. बायकोची समजूत अशी, की मला हळदीत वाजणाऱ्या बेंजोचा त्रास होतो.

गेल्या वर्षीच्या आदल्या वर्षी नौपाड्यातल्या एका दवाखान्यात साखर तपासायला गेलेलो. उपाशीपोटी एकदा रक्त द्यायचं, मग नाश्ता, मग दोन तासांनी परत. दुसऱ्या फेरीची वाट बघत बसलो होतो. शेजारच्या बाकावर पांढरी टोपी घातलेले एक म्हातारबुवा माझ्याकडे एकटक बघत होते.

"सायेब, तुमी मातीवाले न्हवं?"

ते गणपतराव. मूळचे साताऱ्याकडचे, त्या रंगाच्या कारखान्याचे वॉचमन. मी तपासणीला गेलो तेव्हा फाटक त्यांनीच उघडलं होतं. आता लेकीकडे राहत होते, आणि लेक त्याच सोसायटीत. लेकीचा हात इथल्या त्वचेच्या डॉक्टरांना दाखवायला आले होते, ती आत डॉक्टरांकडे होती. जुना माणूस भेटल्याच्या आनंदात गणपतराव बोलायला लागले आणि बोलता बोलता त्यांनी हसत हसत सांगितलं, की ती देवी त्यांनीच केली.

झालं असं, की कारखाना बंद व्हायच्या सुमाराला मालकांनी मागच्या कोपऱ्यात खड्डा करून गाळाने भरलेली पिंपं त्यात सोडली आणि वर माती ओढली. गणपतरावांना ताकीद मिळाली, इथे कोणी खणता कामा नये. पण चाळीतली पोरं तिथेच स्टंप ठोकायची, आणि सकाळी टमरेल घेऊन येणारे वेगळेच. काठी दाखवून कोणी ऐकेना. तेव्हा गणपतरावांनी नाल्यातून एक बरासा धोंडा आणला आणि शेंदूर लावून ठेवला.

"दुसऱ्या दिवशी नारळ आला," ते म्हणाले. "आठवड्यात घंटी. महिन्यानं बायका नवस बोलाया लागल्या. मी काय बोलनार? मीबी हात जोडाया लागलो."

त्यांना हसता हसता ठसका लागला. मलाही हसू आवरेना. आम्ही दोघं म्हातारे बाकावर इतके हसत होतो की रक्त काढणारी मुलगी बाहेर येऊन बघून गेली. 

मग ते म्हणाले, आता तर देवीचं भाग्य उजळलं. सोसायटीला पाण्याची ओढ आहे, तर पुढच्या आठवड्यात देवीच्या अगदी पाठीमागे बोअर मारायची आहे. मशीन ठरलंय. तिच्या कृपेनं गोड पाणी लागणार, टाकीत सोडायचं, सगळ्या घरांत जाणार.

मी विचारलं, आणि पिंपं?

"ती कवाच काडून न्हेली आसतील की," गणपतराव म्हणाले. "तुमीच तर तपासलं. तुमचा कागद लावलाय आमच्या हापिसात, काचंत घालून."

मी त्यांच्या देवीवर विसंबलो, ते माझ्या कागदावर विसंबले, आणि आमच्या दोघांच्या मध्ये ती पिंपं आरामात होती.

तेवढ्यात त्यांची लेक बाहेर आली. सुनंदा, चाळिशीची. बोटांच्या टोकांना भेगा, पेरांवर लहान लहान गोल खड्डे, काही बुजलेले, काही ओले. डॉक्टरांनी विचारलं होतं, हात कशात घालता? तिने सांगितलं, भांड्यांच्या पावडरीत. तिसऱ्यांदा पावडर बदलायला सांगितली होती. गणपतराव अभिमानाने म्हणाले, देवीचं सगळं हीच करते. रोज सकाळी धोंडा धुते, नवरात्रात ती पिवळी माती हाताने गोळा करून वाटीत भरते आणि घरोघरी देते.

त्या दिवशी दुसरं रक्त द्यायचं मी विसरलो. घरी येऊन माळ्यावरून वही काढली. 'पूजेची हळद.' अक्षर माझंच, चांगलं वळणदार. दोन दिवस मी काहीच केलं नाही, हेही लिहायला हवं. तिसऱ्या दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरींना फोन केला. साने नावाचे बँकेतले गृहस्थ, मराठीत विचार करतात आणि इंग्रजीत काळजी करतात.

मी सांगितलं, तुमच्या ऑफिसातला तो अहवाल चुकीचा आहे.

"कोण बोलतंय?"

मी म्हटलं, ज्याने तो लिहिला तो.

मग साने म्हणाले, "म्हणजे काका, तेव्हा तुम्ही खोटं लिहिलंत असं तुमचं म्हणणं. मग आज खरं बोलताय याला प्रूफ काय?"

हा प्रश्न मला इतका आवडला की मी फोनवरच हसलो. पुरावा देतो म्हटलं, रविवारी सभा बोलवा.

रविवारी क्लबहाऊसमध्ये दीडेकशे माणसं जमली. प्लास्टिकच्या खुर्च्या कमी पडल्या. बायकोला मी सगळं सांगितलं होतं, ती मुद्दाम पहिल्या रांगेत येऊन बसली. माझं डोकं लग्नाच्या वरातीत असावं तसं हवेत होतं. टेबलावर मी दोन बशा ठेवल्या. एकीत घरची हळद, दुसरीत देवीजवळची पिवळी माती, ती मी हातमोजे घालून आणली होती. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे कुंकू माहीत असलेल्या प्रत्येक घरात माहीत आहे. क्रोमियमचा पिवळा चुन्याला दाद देत नाही. चुना आणायचा मी विसरलो होतो. तो गणपतरावांच्या तंबाखूच्या डबीतून मिळाला.

हळदीवर चुन्याचं पाणी टाकलं, हळद लालभडक. मातीवर टाकलं, माती पिवळीच्या पिवळी. पुन्हा टाकलं. पिवळी. मागच्या रांगेतून कोणीतरी, आता टोपीतून ससा काढणार की काय काका, असं म्हणालं आणि चार लोक हसले, मग कोणी हसेना. मी सांगितलं की त्या दिवशी भिकाजीच्या खिशातही अशीच डबी होती, ही परीक्षा अर्ध्या मिनिटाची आहे, आणि मी ती केली नाही. मग मोजे, चार मीटर आणि सरळ रेघ, सगळं सांगितलं.

त्यानंतर जे झालं त्याला सभा म्हणता येणार नाही. फ्लॅटचे भाव पडतील म्हणून एक गट माझ्यावर, देवीचा अपमान झाला म्हणून दुसरा गट माझ्यावर, आणि मग गणपतरावांनी उभं राहून देवी आपण बसवली हे सांगितल्यावर दोन्ही गट त्यांच्यावर. मला तेवढीच विश्रांती मिळाली. एकाने मला विचारलं, लाज वाटत नाही का? मी म्हटलं, पंधरा वर्षं वाटली, आज जरा कमी वाटतेय. हे उत्तर शहाणपणाचं नव्हतं.

सुनंदा उठली तेव्हा आवाज आपोआप थांबला. ती मोठ्याने बोलली नाही. हात पुढे धरून म्हणाली, "बाबांनी देव बसवला. काकांनी सही केली. हात माझे गेले."

आणि बसली. माझ्या हलकेपणाच्या खाली एक दगड आहे, तो हे वाक्य. पुढे तिच्या डॉक्टरांना मी सविस्तर पत्र दिलं, औषध बदललं, जखमा भरल्या. खड्डे राहिले. बोटांच्या टोकांना अजून नीट स्पर्श कळत नाही, मटार सोलताना बघावं लागतं, असं तिने एकदा सहज सांगितलं.

सभा सोडवली हिराबाई म्हात्र्यांनी. ही जमीन मुळात त्यांच्या सासऱ्यांची, तिथे त्यांची भाताची खाचरं होती. वय ऐंशीच्या पुढे. खुर्चीवरून न उठता त्यांनी सगळ्यांना झापलं.

"मना सांगा, इतकी वरसं तिथं कोनी खनलं का? नाय ना? मंग देवीनं राखन केली का नाय? वॉचमननं बसवली म्हून काय झायलं, वॉचमनचंच काम केलंन तिनं. आता तिला बाजूला बसवा नि तुमी तुमचं काम करा."

बोअरचं मशीन रद्द झालं. देवीला बेंजो लावून फाटकाजवळ नवीन चौथऱ्यावर नेलं. हिराबाई पुढे, गणपतराव मागे, आणि अगदी शेवटी मी. मला बेंजोचा काही त्रास होत नाही हे बायकोच्या लक्षात आलं.

मग अकरा नंबरच्या खऱ्या बिंदूवर भोक पाडलं. भिकाजी आता नाही, त्याच्या जागी दुसरा कारागीर होता, आणि सरकारी खात्याचे दोन अधिकारीही उभे होते. अडीच मीटरवर पातं पिंपाला घासल्याचा आवाज झाला आणि भोकातून पाणी वर आलं. लिंबाच्या सरबतासारखं नाही, ऐन टॅक्सीच्या टपासारखं पिवळं. जमलेल्या लोकांच्या तोंडचं पाणी पळालं आणि मी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. साने माझ्याकडे बघतच राहिले. त्यांना कसं सांगू, की पंधरा वर्षं ज्याचा संशय घेऊन जगलो ते डोळ्यांनी दिसलं होतं, आणि ते अजून कोणाच्या टाकीत गेलेलं नव्हतं.

सफाईचं काम वर्षभर चाललं. पिंपं आणि त्यांच्याभोवतीची माती काढून घातक कचऱ्याच्या ठरलेल्या जागी रवाना केली. पण खालच्या पाण्यात उतरलेलं विष खणून काढता येत नाही. त्याला उपाय म्हणजे मळी. साखर कारखान्यात साखर काढून झाल्यावर उरते ती काळी, चिकट मळी. ती पाण्यात कालवून भोकांतून जमिनीत सोडायची. जमिनीतले जिवाणू ती खाऊन माजतात, हवा संपवतात, आणि त्या गडबडीत वाईट क्रोमियमचा साधा क्रोमियम होतो आणि मातीला चिकटून बसतो. मी हे सभेत सांगितलं तेव्हा लोकांनी माझी दुसरी फसवणूक पकडल्यासारखे चेहरे केले. हिराबाईंनी विचारलं, काकवी का नको, मुलं तरी खातील.

मळी मागवायला उत्पादन शुल्क खात्याची परवानगी लागते, कारण तिची दारू होते. त्यांचे एक निरीक्षक खात्री करायला आले. डोंबिवलीतली एक गृहनिर्माण सोसायटी टँकरभर मळी जमिनीत ओतणार आहे, यावर त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी गच्ची बघितली, पंप रूम बघितली, सान्यांच्या घरचा माळाही बघितला. शेवटी भोकाजवळ उभं राहून विचारलं, की हे प्यायल्यावर जमीन नक्की काय करते? मी म्हटलं, शुद्धीवर येते. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं असावं, कारण पेन हलताना दिसलं.

पुढे दोन महिने सोसायटीत गूळ करपल्यासारखा वास आणि मुंग्यांची जत्रा. सोसायटीच्या ग्रुपवर मला 'मळीकाका' नाव पडलं. मी आठवड्यातून दोनदा जायचो, काही काम नसलं तरी. काम यंत्रवाले आणि प्रयोगशाळेवाले करत होते. माझं काम म्हणजे भोकांजवळ खुर्ची टाकून बसायचं आणि जो येईल त्याच्या शिव्या किंवा प्रश्न ऐकून घ्यायचे. माझ्या नोकरीतल्या तीस वर्षांत मला इतकी मजा आली नव्हती. सुनंदा पहिले काही महिने माझ्याशी बोलली नाही. मग एक दिवस न बोलता चहा आणून ठेवला. बिनसाखरेचा. बायकोला विचारून घेतलं होतं.

यंदा होळीच्या आधी प्रयोगशाळेचे आकडे आले. सगळ्या भोकांमधलं पाणी मर्यादेच्या आत. एकही अपवाद नाही. सान्यांनी क्लबहाऊसमध्ये पुन्हा सभा बोलावली. जुना अहवाल काचेतून काढून चौकट रिकामी करून ठेवली होती. नवीन मजकूर त्यांनी स्वतः टाइप करून आणला होता आणि खाली माझ्या सहीसाठी जागा सोडली होती. सरकारी कागद वेगळा येणार होता, पण लोकांना माझी सही हवी होती. ज्याने बिघडवलं त्यानेच दुरुस्त केलं असं लिहून टांगायचं होतं. पेढ्यांचं मोठं खोकं टेबलावर होतं. बेंजोवालेही बाहेर येऊन बसले होते.

मी वाचलं. 'जमीन व पाणी निवासासाठी स्वच्छ.' मीच कधीकाळी लिहिलेलं वाक्य, आता दोन शब्द जास्त.

मी पेन खाली ठेवलं आणि म्हटलं, सही करणार नाही. आकडे चांगले आहेत. पण हे सगळे नमुने पाणी खाली गेलेलं असतानाचे आहेत. पुढच्या पावसात पाणी वर चढेल आणि मातीत वर कुठे काही अडकलेलं असेल तर ते घेऊन येईल. नवरात्रानंतर पुन्हा तपासू, मग बघू. तोवर त्या पाण्याला कोणी हात लावायचा नाही.

"काका, आणखी सात-आठ महिने?" साने म्हणाले. "तेव्हा तुम्हाला एका दिवसात स्वच्छ दिसलं होतं."

"म्हणूनच," मी म्हटलं.

सगळे करवादले. कोणीतरी म्हणालं, या माणसाला सही करायला लावणं कठीण आणि न करायला लावणंही कठीण. बेंजोवाल्यांनी आत डोकावून विचारलं, वाजवायचं का नाही. साने कागदाची घडी करायला लागले.

सुनंदाने पुढे येऊन पेढ्यांचं खोकं उघडलं. तिच्या हातात पांढरे सुती मोजे होते, आता सवयीने घालते. चाचपडत एक पेढा उचलला, सुटला, पुन्हा उचलला आणि माझ्यापुढे धरला.

मी म्हटलं, अगं, अजून स्वच्छ झालं असं मी म्हणालो नाहीये.

"नाही म्हणालात, त्याचाच घ्या," ती म्हणाली.

बायको पहिल्या रांगेत होती. तिने साखरेचं नाव काढलं नाही. मी पेढा अख्खा तोंडात टाकला, आणि बाहेर बेंजोवाल्यांनी कोणाला न विचारता वाजवायला सुरुवात केली.